आंबेपूरचं बगदाद

ओफाकिम,
ता. ३ मार्च १९६३

तीर्थरूप जॉशुदादांस,
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि. आणि शालोम.

तुमचं पत्र मिळून आठवडा होऊन गेला. उशिराबद्दल रागावू नका, गिरणीत या महिन्यात पाळी सारखी बदलते आहे. लिझीवहिनींच्या पायांची सूज उतरली का? डॉक्टरने नुसती गोळी देऊन वाटेला लावलं असेल तर वहिनींना पुन्हा घेऊन जा आणि बाकावर बसून राहा. आपण उठत नाही म्हटल्यावरच इथे खरं औषध बाहेर येतं.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्या फोरमनने, यित्झहाकने, सगळ्यांना जमवून सांगितलं की येत्या मंगळवारानंतरच्या मंगळवारी शेतकी कॉलेजची मुलं बस भरून इकडे येणार. इथे त्याला तियूल म्हणतात, आपण सहल म्हणू. आधी गिरणी बघणार, मग आमची वस्ती, मग पलीकडच्या मोशावातली, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी खेड्यातली, शेती आणि पाण्याचे नळ. दक्षिणेत कारखाने कसे उभे राहतात, खेडी कशी वसतात, लोकांच्या चालीरीती काय, हे सगळं त्यांना शिकायचं आहे म्हणे. आम्हा हिंदी बायकांना मागे थांबवून आणखी सांगितलं, साड्या नेसून या आणि एखादं गाणं म्हणा. दादा, मी वाइंडिंग खात्यात दिवसभर बॉबिनी बदलते. तिथे साडी नेसून उभी राहिले तर पदरासकट मीच गुंडाळली जाईन आणि माझंच सूत होईल.

मला हे खरं वाटत नाही. शेती शिकणाऱ्या मुलाला माझी चालरीत कशाला हवी? आमच्या खालच्या मजल्यावर रिना राहते, मुरूडकडची. तिच्या मुलीचं लग्न थंडीपासून अडलं आहे. नोंदवायला गेले तर रब्बींच्या कचेरीत विचारलं, आई कोण, आईची आई कोण, तिची आई कोण, त्या सगळ्या जन्माने यहुदी होत्या याला साक्षीदार कोण. आपल्या बेने इस्राएल लोकांनाच हे विचारतात, दुसऱ्या कोणाला नाही. तेव्हापासून रिना पोस्टमनलाही दाराच्या फटीतून बोलते. आणि आता अख्खी बस घरात शिरून चालीरीती विचारणार. कुठेतरी पाणी मुरतंय.

हे मी एवढ्यासाठी लिहिते की तुमच्या भाचीने, येमिमाने, यरुशलेमहून एक ओळ लिहिली आहे. शिक्षिकेचा अभ्यास कसा चाललाय ते सगळं लिहून झाल्यावर शेवटी लिहिते, इमा, मला एक मुलगा आवडतो, पेसाहच्या सणाला घरी आले की सांगेन. बस, पुढे काही नाही. नाव नाही, गाव नाही. उद्या तीच पोर त्या कचेरीत उभी राहील आणि आपल्याबद्दल कोणी आधीच काही कळवून ठेवलं असेल तर? मला दुसरं काही सुचत नाही. हे सदोमच्या कारखान्यातून शुक्रवारी घरी आले तेव्हा त्यांना सांगितलं, तर म्हणाले, मुलं आली तर चहा दे. यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे.

बहिणीवर माया आहेच, तशी ती असू द्या, पण सल्ला लवकर धाडा.

तुमची
ॲलिस


अश्दोद,
ता. ७ मार्च १९६३

चि. ॲलिस हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून लिझी हसली आणि मी हसलो नाही. ती म्हणते, तुम्ही दोघं भावंडं पाववाल्याकडूनही पाव उलटा करून घेता. घेतो, कारण पाव खालूनच जळतो.

मी जी. आय. पी. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात वीस वर्षं काढली. बंद पेटी घेऊन येणारा माणूस आत काय आहे ते सांगतो, आणि आत काय आहे ते कधीच तसं नसतं. सहल हे पेटीवरचं लेबल झालं. गेल्या महिन्यात इथे बंदराच्या कामावर एक गृहस्थ कॅमेरा घेऊन आले. धक्का कसा बांधतात ते बघायचं म्हणाले आणि फोटो काढले ते आपल्याच लोकांचे, डबा खाताना. मी त्यांना सिमेंटच्या कोठाराचा दरवाजा दाखवला आणि आत घेऊन गेलो. बाहेर आले तेव्हा त्यांचा कॅमेरा आणि ते स्वतः सारखेच पांढरे झाले होते.

तेव्हा ऐक. नाव विचारलं तर नाव सांग. गाव विचारलं तर मुंबई सांग. त्याच्यापुढे विचारलं तर तुला हिब्रू समजेनासं होऊ दे. साडी नेसू नकोस, गाऊ नकोस. आणि येमिमाच्या परीक्षेसाठी तू मालिदा बोलली आहेस ना, तो त्या दिवशी करू नकोस. पोहे, गूळ, नारळ, वर फळं आणि गुलाब, असं ताट एलियाहू हन्नाबीच्या नावाने मांडलेलं कोणी परक्याने पाहिलं तर तो जाऊन सांगेल, हे लोक हिंदूंसारखा प्रसाद करतात. आपण काय करतो ते आपल्याला माहीत. त्यांना समजावत बसायची आपल्याला गरज नाही.

येमिमाला आवडलेल्या मुलाचं काय ते पेसाहला कळेलच. यहुदी असावा आणि उंच असावा, एवढंच माझं म्हणणं.

लिझी म्हणते पाय बरे आहेत, फक्त बसून राहवत नाही.

तुझं कुशल ऐकायला कान इकडे टवकारलेले आहेत.

तुझा
जॉशुआ


ओफाकिम,
ता. १७ मार्च १९६३

तीर्थरूप दादांस,
ॲलिसचा सा. न. वि. वि.

आले आणि गेले. तुम्हाला सगळं सांगते.

होळीचा सण, म्हणजे इथलं पुरीम, होऊन दोन दिवसांनी मंगळवार होता. आम्ही तयार होतो. गिरणीची फरशी धुतली, आम्हाला कोरे एप्रन दिले. आलं कोणी नाही. बस बिघडली म्हणाले. मी म्हटलं बरं झालं, आणि गुरुवारी मालिद्याचे पोहे भिजवले. आणि गुरुवारीच आले! बस बिघडली का बिघडवली, मला विचारू नका.

गिरणीत त्यांच्या मास्तराने त्यांना यंत्रं दाखवली. मुलं नुसती डोकी हलवत होती, यंत्राच्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार. पण एक मुलगा होता, कुरळ्या केसांचा, उंच. तो यंत्राकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. मी बॉबिन बदलली, बघतो आहे. मी घाम पुसला, बघतो आहे. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

दुपारी पाळी संपल्यावर मी धावत घरी आले. मुलं वस्तीत शिरली तेव्हा आमच्या शिकूनमध्ये, या सरकारी चाळींत, जणू दारफाळणी झाली. आठवतं ना, कोकणात किपूरच्या उपासाला आपण असंच दार लावून घरात बसायचो. एकही खिडकी उघडी नव्हती. रिनाने तर दोरीवरचे कपडेही ओढून आत घेतले. कोणी चुकून सापडलंच तर मराठीत बोलायचं असं ठरलं होतं. जिन्यात उभ्या राहून बायकांनी त्या मुलांना मराठीत काय काय म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आणि माझ्याच दारावर टकटक झाली. उघडलं तर तोच कुरळ्या केसांचा, हातात पेन्सिल. पाणी मागितलं. पाण्याला नाही कसं म्हणणार? आत घेतलं. मालिद्याचं ताट मी आधीच पलंगाखाली सारलं होतं, वर घोंगडी. पण वेलचीचा आणि नारळाचा वास घोंगडीला ऐकतो का? त्याने लांब श्वास घेतला आणि विचारलं, हे छान काय शिजतंय? मी म्हटलं, साबण आहे. तो हसला. भिंतीवरची एलियाहू हन्नाबीच्या रथाची तसबीर बघत उभा राहिला, जशी काही ती त्याच्या ओळखीची आहे. मग विचारलं, तुमच्या आईचं नाव काय? गाव कुठलं?

दादा, मला रिनाची पोर दिसली, कचेरीच्या बाकावर बसलेली. मग येमिमा दिसली. तुम्ही सांगितलं होतं मुंबई म्हण. पण मुंबई म्हटलं की पुढे विचारणारच, मुंबईतले कोण. बगदादच्या यहुद्यांना कोणी आजीची आई विचारत नाही, तेवढंच आठवलं आणि माझी जीभ कशी वळली देव जाणे. मी म्हटलं, आम्ही बगदादचे. मुंबईत राहिलेले, पण मूळ बगदादचे. आईचं नाव खातून.

त्याने काही लिहिलं नाही. पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि दारात जाऊन वळला आणि मराठीत म्हणाला, येतो.

हो, मराठीत. चांगलं स्वच्छ, येतो. मी दार लावून घेतलं. म्हणजे जिन्यातलं सगळं त्याला कळलं होतं! ज्याला मराठी येतं असाच माणूस निवडून पाठवला आहे. आता सांगा, ही सहल होती?

संध्याकाळी दहा माणसं जमवून मालिदा केला, पण माझं लक्ष नव्हतं.

तुमच्या मायेच्या आधारावर बसून आहे.

ॲलिस


अश्दोद,
ता. २१ मार्च १९६३

चि. ॲलिस हिस,
आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं आहे. लिझी म्हणाली, चौथं फाडाल तर मी लिहीन आणि गोड लिहीन. म्हणून मीच लिहितो.

साबण म्हणालीस ते चाललं. दार लावलंस तेही चाललं. पण बगदाद? मुंबईत ती बगदादी खातूनबाई तुझ्याकडून झगे शिवून घ्यायची, ती तुला माप घ्यायला व्हरांड्याच्या आत कधी येऊ देत होती का? तिचं नाव तू आपल्या आईला दिलंस? मुंबईतल्या बगदादी यहुद्यांच्या एका प्रार्थनेला दहा पुरुष हवे होते, नऊ जण जमले होते आणि दहावा मिळत नव्हता. बाबा दारात उभे होते, टोपी घालून. त्यांना कोणी मोजलं नाही. दहावा येईपर्यंत सगळे थांबून राहिले. बाबा घरी येऊन जेवले नाहीत, आणि आईने का ते विचारलं नाही, कारण तिला कळलं होतं. तू तेव्हा पाळण्यात असशील, पण ही गोष्ट मी तुला सांगितली आहे. त्या लोकांनी आपल्याला बाहेर ठेवलं तेव्हा आपल्याला राग आला होता. तू तर आपल्या आईला स्वतःच्या हाताने बाहेर ठेवलंस.

फार झालं. मला राग आला की मी सगळंच लिहितो.

दुसरी गोष्ट. हेर मराठी शिकून येतो हे मला पटत नाही. मराठी शिकायला माणूस लागतो. आणि येतो हा शब्द पुस्तकातून कळत नाही, जाताना येतो म्हणायचं हे घरचं माणूस शिकवतं. तसबीर त्याला ओळखीची वाटली असं तूच लिहितेस. आपल्या घरातलं बाहेर कोण बोलतं ते बघ. मला नाव घ्यायचं नाही, पण यरुशलेमला एक पत्र टाक.

रागातही तुझाच,
जॉशुआ


ओफाकिम,
ता. २५ मार्च १९६३

चि. येमिमा हिस,
इमाचे आशीर्वाद.

परीक्षा कशी झाली ते कळव. थंडी वाजत असेल तर लोकरीचं आतून घाल, शोभेसाठी वरून नाही.

इथे शेतकी कॉलेजची सहल येऊन गेली. त्यात एक कुरळ्या केसांचा मुलगा होता. त्याला मराठीत येतो म्हणता येतं. त्याला आपली तसबीर माहीत आहे. त्याला साराआजीचं नाव विचारावंसं वाटलं. आता मला सरळ सांग, आपल्या घरच्या गोष्टी तू कोणाला सांगतेस? मी तुला वाढवलं ते चारचौघांत आपली झाकली मूठ उघडायला नाही. तुला कळतं का, तुझ्याच लग्नाच्या वेळी हे तुझ्यापुढे येऊन उभं राहील?

हिब्रूत उत्तर पाठवू नकोस, मला दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं नाही.

तुझ्यावर जीव आहे म्हणून कडक लिहिते.

इमा


यरुशलेम,
ता. ३१ मार्च १९६३

प्रिय इमा,
शालोम. तुला आणि अब्बाला नमस्कार.

माझं मराठी तिसरीतलं आहे, म्हणून छोटी वाक्यं लिहिते. चुका काढू नकोस.

त्या मुलाचं नाव अमनोन. तोच मला आवडतो. मी त्याच्याशी लग्न करणार आहे.

त्याची सहल खरीच होती. बस खरीच बिघडली होती. त्याला कळलं की ओफाकिमला जायचं आहे, तेव्हा मीच म्हटलं, जा आणि इमाला बघून ये, पण माझं नाव सांगू नकोस, पेसाहला मी स्वतः सांगणार आहे. येतो हा शब्द मी शिकवला. तो आठवडाभर घोकत होता. साराआजीच्या सगळ्या गोष्टी त्याला मी सांगितल्या आहेत. ती शब्बाथचा दिवा पेल्यात तेल घालून लावायची ते, आणि मासा विकत घेताना आधी खवले बघायची ते. त्याला तिचं नाव माहीत होतं, इमा. त्याला ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, बस.

तू बगदाद म्हणालीस. त्याची आई शुला खरंच बगदादची आहे. तिचं तिथलं नाव वेगळं होतं, इथे उतरल्यावर कोणीतरी शुला लिहिलं. ते मोशावात राहतात, कोंबड्या आहेत. अमनोनने घरी जेवताना हसत हसत सांगितलं की येमिमाची आई मला घाबरून बगदादची झाली. त्याला वाटलं गंमत आहे. शुला हसली नाही. ती वाढायची थांबली.

आधी तिने मला आजीबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. लोक काय काय बोलतात ते तिने ऐकलं होतं, पण ती म्हणायची लोकांना कामं नाहीत. आता ती म्हणते, जी बाई आपल्या आईचं नाव लपवते तिच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असणार. इमा, मी तिथेच जेवायला बसले होते. ताट तसंच टाकून मी उठले.

मी पेसाहला येणार नाही. माझा राग गेला नाही अजून. शावूओतच्या सणानंतर आम्ही अमनोनच्या गावच्या कचेरीत लग्न नोंदवायला जाणार. शुलाही येणार आहे. तू ये, आणि आजीला ओळखणारा साक्षीदार लागतो म्हणून मामाला आण. तिथे साराआजीचं नाव तू सांगायचं, मोठ्याने, शुलाच्या समोर. तू सांगणार नसशील तर मी लग्न करणार नाही. लपून मला काही करायचं नाही.

मी तुझीच आहे, रागावले तरी.

येमिमा


ओफाकिम,
ता. २१ एप्रिल १९६३

तीर्थरूप दादांस,
ॲलिसचा सा. न. वि. वि.

येमिमाचं पत्र सोबत जोडलं आहे, वाचा आणि परत पाठवा. पेसाहच्या रात्री सेदेरच्या जेवणाला तिची खुर्ची रिकामी राहिली. ह्यांनी तिच्या पुढ्यातही एक पेला ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

तुम्ही लिहिलं ते खरं होतं आणि लागलं. पण मला आईची लाज वाटली नव्हती, दादा. मला भीती वाटली होती. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं हे मला आता कळतंय.

परवा अमनोन आला होता. दारातूनच एक टोपली देऊन गेला, आईने अंडी पाठवली म्हणाला. भांडण असताना अंडी? मी एकेक अंडं पाण्यात सोडून पाहिलं. सगळी तळाला बसली, म्हणजे ताजी. मग फोडताना एकेक पेल्यात फोडून रक्ताचा ठिपका बघितला. एकातही नाही. मग जास्तच संशय आला. चांगली अंडी पाठवून ही बाई मला काय सांगू बघते आहे? तिला माझा कमीपणा डोळ्यांनी बघायचा असणार. म्हणून तर कचेरीत येते आहे, नाहीतर वराच्या आईचं तिथे काय काम?

रिकामी टोपली परत कशी पाठवू म्हणून करंज्या भरून दिल्या. त्या तिने खाल्ल्या की कोंबड्यांना घातल्या, काही कळलं नाही.

आता कामाचं. आई साराबाई. आईची आई मिलकाबाई. तिची आई कोण? मी आठवून थकले. तुम्ही थोरले, तुम्हाला नक्की आठवेल. लवकर लिहा, नाहीतर पोर हातची जाईल.

तुमचा हात पाठीवर असू द्या.

ॲलिस


अश्दोद,
ता. २८ एप्रिल १९६३

चि. ॲलिस हिस,
आशीर्वाद. वि. वि.

येमिमाचं पत्र परत पाठवतो आहे. लिझीने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, ही पोर तुमच्या दोघांपेक्षा मोठी झाली. मला ते मान्य करावं लागलं.

मिलकाआजीच्या आईचं नाव मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे विसरलो नाही, मला ते कधी माहीतच नव्हतं. आपण तिला नागावची आजी म्हणायचो. आई म्हणायची नागावची आजी. मला वाटतं शेजारीपाजारीही तेच म्हणायचे. आपल्याकडे बाईला गावाच्या नावाने हाक मारायची आणि तिचं नाव तिच्याबरोबर मातीत जायचं, हीच रीत. तिच्याबद्दल मला एवढंच ठाऊक आहे की ती आपल्या तेलाच्या घाण्यावर आली आणि शनिवार असला तर घाण्याच्या लाटेला, त्या फिरत्या लाकडाला, हातही लावायची नाही, बैलालाही लावू द्यायची नाही. शेजारचे आपल्याला शनिवार तेली म्हणायचे ते उगाच नाही. पण कचेरीतल्या माणसाला बैल साक्षीला चालेल की नाही ते मला सांगता येत नाही.

खोटं नाव रचून देऊ या का, असा विचार तुझ्या मनात येण्याआधी लिहितो, की नको. एका खोट्या नावाने आपलं पुष्कळ झालं.

मी येतो. कोट इस्त्रीला दिला आहे. त्या शुलाबाईची नजर कशी आहे ते मी लांबूनच ओळखीन, पार्सल ऑफिसातला माणूस आहे.

भेटीची वाट बघणारा,
जॉशुआ

ता. क. करंज्यांबद्दल वाचून राग आला. आम्हाला कधी पाठवल्या होत्यास? — लिझी


ओफाकिम,
ता. २ जून १९६३

सौ. लिझीवहिनींस,
ॲलिसचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

दादा आमच्याकडे आणखी दोन दिवस राहतील, ह्यांच्याबरोबर पत्ते खेळतायत. ते घरी आले की तुम्हाला कचेरीतली हकीकत सांगतील, पण त्यात मुख्यतः त्यांचंच भाषण असेल. म्हणून मी आधी लिहिते.

कचेरीत आम्ही सगळे एका बाकावर. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला शुलाबाई. काळा रुमाल बांधलेली, मांडीवर पिशवी, ओठ मिटलेले. माझ्याकडे एकदा बघितलं ते पायापासून वरपर्यंत. मीही बघितलं. आमच्या मध्ये दोन्ही मुलं बसली होती, परीक्षेला बसल्यासारखी. दादा माझ्या कानात म्हणाले, ही बाई अवघड आहे. हे भिंतीला टेकून उभे.

आधी अमनोनचं घेतलं. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, जन्म बगदाद. टेबलामागच्या गृहस्थांनी खाली बघूनच लिहिलं आणि झालं. मग येमिमाचं आलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. आई कोण? मी उठले. मी म्हटलं, मी आई, ॲलिस. माझी आई साराबाई, आंबेपूर गावची; या जॉशुआची आईही तीच, कारण हा माझा सख्खा भाऊ. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले. आमचा तेलाचा घाणा होता. मी हे शुलाबाईकडे तोंड करूनच म्हटलं, तेही इतक्या मोठ्याने की बाहेरचा शिपाई आत डोकावला. येमिमाने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यासाठी मी आणखी दहा कचेऱ्यांत जाईन.

त्यांनी विचारलं, साराची आई? म्हटलं मिलकाबाई. मिलकाची आई? मी म्हटलं, नागावची आजी. ते म्हणाले हे नाव नव्हे. दादांनी उठून बैलाची गोष्ट सांगितली, सगळी, लाटेसकट. गृहस्थ शांतपणे म्हणाले, नाव नसेल तर पुढे जाता येणार नाही, चौकशी करावी लागेल, केव्हा होईल ते सांगता येत नाही. आणि त्यांनी पेनचं टोपण लावलं.

मी शुलाबाईकडे बघितलं. मला वाटलं, झालं हिच्या मनासारखं.

ती उठली, वहिनी. पिशवी बाकावर ठेवली आणि टेबलापाशी गेली. म्हणाली, मला नाही विचारलं. गृहस्थ म्हणाले, तुमचं लिहून झालं. ती म्हणाली, माझं नुसतं नाव लिहून झालं, माझ्या आईची आई कोण ते विचारलं नाही. तिची आई कोण ते विचारलं नाही. विचारा. ते म्हणाले, बाई, तुम्हाला त्याची गरज नाही. ती म्हणाली, मला आहे, माझ्या मुलाचं लग्न आहे. विचारा. आणि त्यांनी विचारेपर्यंत टेबलावर हात टेकून उभी राहिली. शेवटी त्यांनी विचारलं. ती म्हणाली, माझ्या आजीच्या आईचं नाव मला माहीत नाही, आम्ही तिला थोरली म्हणायचो. लिहा. तिच्या खाली नागावची आजी लिहा. मग दोघींची चौकशी करा. आणि दोघींची होईपर्यंत मी इथेच बसते.

आणि ती बसली, माझ्या बाजूला. मीही बसले. दादा बसले. भिंतीला टेकलेले हेसुद्धा येऊन बसले. बाक करकरला. कोणी उठलं नाही. बाहेर दुसरी माणसं खोळंबली होती, ती आत येऊन बघू लागली, काय झालं म्हणून विचारू लागली, आणि शुलाबाई प्रत्येकाला पहिल्यापासून सांगू लागली. गृहस्थ आत गेले, कोणाशी तरी बोलले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. शेवटी येऊन खुर्चीत बसले, पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं. थोरली आणि नागावची आजी, एकाखाली एक. लग्नाची तारीख या महिन्याअखेरची आहे.

रिनाला मी सांगितलं आहे की तिच्या मुलीच्या वेळी शुलाबाईला घेऊन जाऊ. ती अजून दाराच्या फटीतूनच ऐकत होती, पण फट मोठी होती.

तिथून सगळे आमच्याकडे आले. मालिद्याचं ताट या वेळी टेबलावर, खिडकी उघडी. तरी माझी नजर तिच्या हातावर होती, खोटं का सांगू. मुंबईत बगदादी लोकांनी आमच्या घरचं पाणीदेखील घेतलं नव्हतं. तिने मूठभर घेतला आणि तोंडात न घालता रुमालात बांधला. मला वाटलं, हिलाही आमचं चालत नाही. तेवढ्यात तिनेच सांगितलं, अमनोनचा बाप अंथरुणाला आहे, पहिला घास त्याचा. मग दुसरी मूठ घेतली आणि तिथेच खाल्ली, नंतर तिसरी. करंज्याही तिनेच खाल्ल्या होत्या म्हणे, एकही कोंबडीला मिळाली नाही. कचेरीत कशाला आलात ते मी विचारलंच. म्हणाली, तू तुझ्या आईचं नाव सांगतेस का ते ऐकायला आले होते. सांगितलंस, मग माझं काम सुरू झालं.

निघताना अमनोन दारात वळून म्हणाला, येतो. या वेळी मी म्हटलं, ये रे बाबा. शुलाबाई दोन पायऱ्या उतरली, थांबली, आणि गंभीर तोंड करून वर बघत मला विचारलं, आता खरं सांग, बगदादात तुमचं घर कुठल्या गल्लीत होतं?

मी म्हटलं, आंबेपुरात. तेल्याच्या घाण्याला लागून.

लग्नाच्या आधी दोन दिवस पाय वर करून पडून राहा, म्हणजे नाचता येईल. करंज्या दादांबरोबर पाठवते आहे, मोजून घ्या, वाटेत कमी होतील. आणि मनात काही किंतु धरू नका.

तुमचीच
ॲलिस